मूळ गाडी आणि अस्सल गाडी

१९९० च्या जुलै महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे एक आगळा प्रश्न निर्णयासाठी आला. एडवर्ड हबर्ड या जुन्या बेंटली गाड्यांच्या जाणकार संग्राहकाने आपली एक गाडी एका कंपनीस विकण्याचा करार केला होता. ठरलेली किंमत होती एक कोटी पौंड. त्यांपैकी ६८ लाख रोख आणि उरलेल्या रकमेच्या बदल्यात काही अन्य गाड्या. करारानंतर खरेदीदाराचे मन पालटले. आपल्याला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून जी गाडी विकली जात आहे ती मुळी ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असा पवित्रा त्याने घेतला आणि पैसे देण्याचे नाकारले. हबर्ड न्यायालयात गेले. सोने खरे की खोटे हे कसोटीच्या दगडावर क्षणात कळते. साठ वर्षे वापरलेली, आदळलेली आणि पुन्हा उभारलेली मोटार कोणत्या दगडावर घासून पाहावयाची?

गाडी साधीसुधी नव्हती. फ्रान्समधील ल मान येथे चोवीस तास अखंड चालणारी शर्यत या बेंटली ‘स्पीड सिक्स’ने १९२९ मध्ये जिंकली आणि १९३० मध्ये पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा चालकांच्या जोडीत वूल्फ बार्नाटो होते. पहिल्या वर्षी त्यांच्या साथीला टिम बर्किन, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. (बार्नाटो हे बेंटली कंपनीचे अध्यक्षही होते. त्यांचे वडील बार्नी बार्नाटो यांनी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या हिऱ्यांत अपार संपत्ती मिळविली होती, आणि हिऱ्यांच्या त्या पैशावरच बेंटलीचा कारखाना काही वर्षे तगला.) पुढे गाडीचे रूप पालटत गेले. साडेसहा लिटरचे इंजिन काढून तेथे आठ लिटरचे बसविण्यात आले. सप्टेंबर १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या धावमार्गावर पाचशे मैलांची शर्यत चालू असताना ती तेथील उंच उतरत्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी यांचा अंत झाला. मोडलेली गाडी पुन्हा बांधली गेली, ती या वेळी रस्त्यावर चालविण्याजोगे नवे अंग घेऊन. मालक बदलले, दशके लोटली, आणि अखेरीस तिला शर्यतीच्या काळातील उघड्या रूपाकडे परत नेण्यात आले.

खटल्यात गाडीचा एकेक अवयव तपासला गेला. १९२९ च्या विजयी गाडीचा, निश्चितपणे तिचाच म्हणता येईल असा भाग जवळजवळ उरलाच नव्हता. १९३० च्या गाडीतील गिअरपेटीचे आवरण, स्टिअरिंगचा दांडा, पेडलांचा आस अशा मोजक्या वस्तू काय त्या टिकल्या होत्या. बाकी सारे त्यानंतरचे. एवढे ऐकल्यावर कोणासही वाटावे, की खरेदीदाराची बाजू सरस आहे. न्यायमूर्तींनी निकाल मात्र हबर्ड यांच्या बाजूने दिला.

त्यांनी केलेली चिकित्सा जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द त्यांनी एकमेकांपासून वेगळे केले. ल मानच्या विजयाच्या दिवशी जी गाडी होती ती मूळ गाडी आता अस्तित्वात नाही आणि पुन्हा कधी होणारही नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु ती गाडी एका दिवशी नाहीशी होऊन तिच्या जागी दुसरी आणलेली नाही. दुरुस्ती, बदल, अपघात, पुनर्बांधणी या प्रत्येक टप्प्यावर तिचे अस्तित्व अखंड राहिले. धागा कोठेही तुटला नाही. ‘ओल्ड नंबर वन’ या नावावर अधिकार सांगू शकेल अशी दुसरी गाडीही जगात नाही. म्हणून ती अस्सल आहे, आणि करारातील शब्दाप्रमाणे पैसे देणे खरेदीदारास बंधनकारक आहे, असा तो निर्णय.

ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा युक्तिवाद परका वाटू नये. शेतकऱ्याच्या घरच्या बैलगाडीला दर काही वर्षांनी नवी धाव बसते, आरे बदलतात, आंख बदलतो, एखाद्या पिढीत साटाही नवा होतो; तरी गाडी आजोबांचीच राहते. मंदिराच्या जीर्णोद्धारात शिळा बदलल्या तरी मंदिर तेच राहते, असे आपण मानतो. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द मोटारीला लावला तर गॅरेजमधील मिस्त्री हसेल, तो ‘रिस्टोअर’ म्हणतो. पण कामाचे स्वरूप तेच आहे.

ते काम कसे चालते हे पाहिले, म्हणजे न्यायालयातील प्रश्न किती खोलवर जातो ते ध्यानी येते. १९२० - ३० च्या काळातील बऱ्याच गाड्यांचे अंग लाकडी सांगाड्यावर पत्रा बसवून तयार केलेले असे. इंग्लंडमध्ये त्यासाठी अ‍ॅश वृक्षाचे लवचीक लाकूड वापरीत. अशी गाडी एखाद्या वाड्याच्या पागेत किंवा कोठारात चाळीस वर्षे पडून राहिली, की पत्रा गंजण्याआधी आतले लाकूड भुसभुशीत होते. कारागीर प्रथम गाडीची प्रत्येक बाजूने छायाचित्रे घेतो, मग एकेक भाग सोडवून त्यावर चिठ्ठी बांधतो. जुन्या लाकडाचे तुकडे, कितीही कुजलेले असले तरी, फेकावयाचे नसतात. नव्या सांगाड्याचा साचा त्यांच्यावरूनच काढावयाचा असतो. पत्रा दोन चाकांच्या यंत्रात पुढे-मागे फिरवून त्याला हळूहळू गोलाई आणली जाते. या यंत्रावर हात बसण्यास वर्षे लागतात, आणि ज्यांचा हात बसला आहे अशांची संख्या सर्वत्र घटत आहे. इंजिनातील बेअरिंगे आजच्यासारखी तयार मिळत नसत. मऊ मिश्रधातू वितळवून जागेवर ओतावयाचा आणि मग तो लेथवर हव्या मापाचा कोरावयाचा. एका गाडीवर हजार तासांहून अधिक श्रम होणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. त्यामुळेच पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत कामाचा खर्च विक्रीच्या किमतीहून वरचढ ठरतो. अशा वेळी धंदा म्हणून हे काम करणाऱ्याला मोह होतो तो येथेच.

मोहाचे प्रकार पुष्कळ आहेत आणि ते जाणकाराच्या नजरेस पडतातही. गंजलेल्या पत्र्याचा तुकडा कापून नवा जोडण्याऐवजी त्यावर लांबी भरावयाची आणि रंग मारावयाचा, हा त्यांतील सर्वांत जुना. दोन पावसाळ्यांत तो रंग फुगून येतो. म्हणूनच अनुभवी खरेदीदार खिशात लोहचुंबक ठेवतो. लांबी भरलेल्या जागी चुंबक चिकटत नाही. (अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाची गाडी पाहताना मात्र ही युक्ती फसते, आणि नवशिक्याची फजिती होते.) चकाकीचेही असेच. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या अखेरीस रुळला. त्याआधीच्या गाड्यांना निकेलचा मुलामा असे, त्याची छटा किंचित पिवळसर, ऊबदार. १९२४ च्या गाडीवर निळसर झळाळणारे क्रोम दिसले, की ते नंतरचे काम आहे हे उघड होते. चौफुली खाचेचे स्क्रू मोटारींत १९३० च्या दशकाच्या मध्यापासून आले. १९२८ ची म्हणून दाखविलेल्या गाडीच्या दारात ते आढळले, तर दार कोणीतरी नंतर उघडून बसविले आहे हे निश्चित. इंग्रजी गाडीत मिलिमीटरच्या मापाचे बोल्ट निघाले तर तीच गोष्ट. यांपैकी कोणतीही गोष्ट स्वतः गुन्हा नव्हे. स्क्रू बदलावे लागतात. प्रश्न एवढाच, की विकणाऱ्याने ते सांगितले होते काय.

याहून गंभीर प्रकार क्रमांकांचा. साट्यावर आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळले तर गाडीची किंमत अनेक पटींनी वाढते. अपघातात मोडलेल्या एका गाडीचा साटा एकाकडे गेला आणि इंजिन दुसऱ्याकडे. दोघांनी आपापल्या तुकड्याभोवती पूर्ण गाडी उभारली. आता एकाच ओळखीच्या दोन गाड्या बाजारात आहेत आणि दोन्ही मालक प्रामाणिकपणे आपलीच खरी म्हणतात, असे घडते. हबर्ड यांच्या गाडीला असा प्रतिस्पर्धी नव्हता, हे तिचे भाग्य.

जगभरातील जुन्या वाहनांच्या संस्थांचा फिव्हा हा संघ १९६६ मध्ये स्थापन झाला. या संघाने पुढे ‘ट्यूरिन सनद’ या नावाने जुन्या वाहनांच्या जतनाची तत्त्वे मांडली. त्यांतला आग्रह असा, की शक्य तेथे आहे ते राखावे, अगदीच अशक्य झाले तर बदलावे, बदल पुन्हा काढता येण्याजोगा असावा, आणि नव्याने घातलेल्या भागावर सहज नजरेत न भरणारी परंतु टिकाऊ खूण करून ठेवावी. ही शेवटची सूचना लहान दिसते. पण आपण केलेले काम जुन्यात बेमालूम मिसळून जावे, ही कारागिराची स्वाभाविक हौस असते. त्या हौसेला आवर घालून ‘येथे माझा हात लागला आहे’ अशी खूण स्वतःच्याच कामावर करावयाची, ही अपेक्षा सोपी नाही.

अभिरुचीही त्या दिशेने सरकत आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे दरवर्षी भरणारा मेळावा म्हणजे जुन्या गाड्यांच्या जगातील सर्वोच्च मानाचे स्थान. तेथील पहिला मान दशकानुदशके आरशासारख्या चकाकणाऱ्या, कारखान्यातून निघताना होत्या त्याहूनही नव्या दिसणाऱ्या गाड्यांना मिळत आला. २०२४ मध्ये प्रथमच तो जतनाच्या वर्गातील गाडीला मिळाला. १९३४ ची ती बुगाटी ‘टाइप ५९’ एके काळी बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांची होती. तिच्या काळ्या रंगाला तडे गेलेले, कडा झिजलेल्या. तिला कोणी पुन्हा रंगविले नव्हते, म्हणूनच ती जिंकली. गेल्या अर्धशतकात ज्यांनी चांगल्या भावनेने अशा कित्येक गाड्या घासून-पुसून रंगविल्या, त्यांना ही बातमी वाचून काय वाटले असेल?

आता दुसरा पंथ पाहू. जुनी गाडी घेऊन तिला पूर्वरूप द्यावयाचे नाही, तर आपल्या किंवा गिऱ्हाइकाच्या मनातील रूप द्यावयाचे, हाही विक्रीचाच व्यवसाय आहे आणि तोही आता चांगला जुना झाला आहे. त्याचे माहेर अमेरिकेतील कॅलिफोर्निया. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणले. काही वर्षांनी या गाड्या जुन्या बाजारात मातीमोलाने मिळू लागल्या आणि तरुणांनी त्यांचे मडगार्ड काढून टाकले, छत मधोमध कापून काही इंचांनी खाली बसविले, इंजिनात फेरफार केले आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत त्या पळविल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाचा धंदा झाला. पूर्वरूपाच्या पुरस्कर्त्यांना हा सारा विध्वंस वाटतो. तो तसा नेहमीच असतो असे म्हणवत नाही.

याचे एक उदाहरण मोठे गमतीदार आहे. १९५५ मध्ये लिंकन कंपनीसाठी ट्यूरिनच्या घिया या कारखान्याने ‘फ्युचुरा’ नावाची एकमेव नमुना-गाडी हाताने घडविली. प्रदर्शनांतून मिरवून झाल्यावर ती अडगळीत पडली. पुढे ती कॅलिफोर्नियातील जॉर्ज बॅरिस यांच्या हाती आली. गाड्यांना नवे रूप देणे हा त्यांचा व्यवसाय. १९६६ च्या ‘बॅटमॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्यांनी काही आठवड्यांत तिला कापून, जोडून, काळ्या रंगात न्हाऊ घालून ‘बॅटमोबील’ केले. २०१३ मध्ये अ‍ॅरिझोनातील लिलावात ती गाडी कमिशनसह ४६ लाख २० हजार डॉलरला विकली गेली. तिचा ‘जीर्णोद्धार’ करावयाचा झाला तर कोणत्या रूपाकडे न्यावयाचे? फ्युचुराकडे नेणारा माणूस एक दुर्मीळ नमुना परत आणील आणि त्याच क्षणी जगाला माहीत असलेली गाडी नष्ट करील. मूळ रूप पुसून केलेला बदलच येथे अस्सल ठरला आहे, आणि त्या व्यवहारात कोणाची फसवणूकही झालेली नाही, कारण काय कापले आणि काय जोडले हे सर्वांना ठाऊक आहे.

या दोन पंथांच्या मधून एक तिसरी वाट गेल्या काही वर्षांत निघाली आहे. तिला धंद्यात ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. बाहेरून जुनी, आतून नवी. कॅलिफोर्नियातील सिंगर ही संस्था गिऱ्हाइकाने आणलेली जुनी पोर्शे ९११ नखशिखांत नव्याने घडवून देते, आणि त्यासाठी मूळ गाडीच्या अनेक पट मोबदला घेते. आपण पोर्शे कंपनी नव्हे, आपला तिच्याशी संबंध नाही, ही आपण बदललेली गाडी आहे, असे ती स्वतः ठळकपणे सांगते. मे २०१८ मध्ये विंडसर येथील राजघराण्यातील विवाहानंतर नवदांपत्य ज्या निळसर जॅग्वार ‘ई-टाइप’मधून निघाले ती १९६८ ची गाडी विजेवर चालत होती. तिच्यातील बॅटरीचा संच मुद्दाम जुन्या इंजिनाच्या आकाराचा आणि जवळपास त्याच वजनाचा केला होता, म्हणजे पुढे कोणाला वाटलेच तर जुने इंजिन जागेवर परत बसविता यावे. परतीची वाट मोकळी ठेवण्याचा हा विचार सर्वांत समंजस वाटतो.

हा सारा विषय दूरदेशीच्या धनिकांचा, असे महाराष्ट्रातील वाचकाने समजू नये. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि पुढे इटलीच्या फियाटच्या सहकार्याने लहान गाड्या. ‘डुक्कर फियाट’ या लाडक्या टोपणनावाची जुनी गोलमटोल फियाट आजही एखाद्या मेळाव्यात दिसली की वृद्ध मंडळी थबकतात. १९६४ ची ‘डिलाइट’, नंतरची ‘प्रेसिडेंट’, आणि अखेर ‘पद्मिनी’ ही त्याच १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाची वंशावळ. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि योगायोग असा, की टॅक्सी संपल्या तशी घरगुती पद्मिनीला मागणी आली. आजोबांनी दहा-दहा वर्षे नंबर लावून घेतलेली गाडी नातवाला आता सजवून हवी आहे. चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात जुन्या फियाटचे दिवे, जाळी, स्टिअरिंगचे चाक शोधीत फिरणारे तरुण दिसतात. एक गाडी उभी करण्यासाठी दुसऱ्या दोन सोडविल्या जातात.

येथे कायदाही जाणून घेणे अगत्याचे आहे. अनेकांचे पैसे तेथेच अडकतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली आणि साटा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली असेल तरच ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, तर आधीच नोंद असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा व्यवसायास चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. विक्रीस मात्र मुभा आहे.

याचा अर्थ विक्रेत्याने नीट ओळखावा. जुन्या फियाटमध्ये जपानी इंजिन, रुंद चाके, छत कापून केलेली उघडी बैठक असे सारे हौसेने केले, की ती गाडी या नियमातून बाहेर पडली. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेल्या आणि निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. अमेरिकेतील कारागिराला असलेले स्वातंत्र्य येथल्या कारागिराला नाही. तरीही अशा गाड्या विकल्या जातात, छायाचित्रांत त्या फार देखण्या दिसतात, आणि गिऱ्हाइकाला अडचण कळते ती परिवहन कार्यालयाच्या खिडकीपाशी, किंवा त्याहून वाईट म्हणजे अपघातानंतर विम्याचा दावा करताना. आयुष्यभर साठविलेल्या पैशांतून वडिलांच्या आठवणीखातर अशी गाडी घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडते तेव्हा तो केवळ व्यवहार राहत नाही.

आपल्या बाजारात याला आणखी एक पदर आहे. गिऱ्हाईक विचारते, “ओरिजिनल आहे ना?” आणि विक्रेता उत्तरतो, “एकदम ओरिजिनल.” या एका शब्दाला येथे चार अर्थ आहेत. कोणाला कागदपत्रे खरी आहेत असे म्हणावयाचे असते, कोणाला रंगाची छटा कंपनीची आहे असे, कोणाला सुटे भाग कंपनीचे आहेत असे, आणि क्वचित कोणाला खरोखरच गाडीला हात लागलेला नाही असे. विचारणाऱ्याच्या मनात एक अर्थ असतो, सांगणाऱ्याच्या मनात दुसरा, आणि दोघेही हसतमुखाने हस्तांदोलन करतात. लंडनच्या न्यायमूर्तींना जे दोन शब्द वेगळे करण्यासाठी इतका खल करावा लागला, ते येथे एकाच शब्दात सुखाने नांदतात.

यावर उपाय नाही असे नाही, आणि काही गॅरेजवाले तो निमूटपणे करीतही असतात. गाडी सोडविण्याआधीची छायाचित्रे, गंजाने खाल्लेल्या जागांची, कुजलेल्या फळीची, उसवलेल्या बैठकीचीही, ते जपून ठेवतात. काय काढले, कोठून काय आणले, कोणता भाग नवा घडविला, कोणाकडून घडविला, याची वही ठेवतात. जुने काढलेले भाग पेटीत बांधून गाडीबरोबर देतात, निकामी असले तरी. ही फाईल पुढे केली की दहा गिऱ्हाइकांतील काही जण हात आखडता घेतात; चकाकीच्या मोहात आलेल्या माणसाला गंजाची छायाचित्रे पाहवत नाहीत. राहतात ते किंमत कमी करून मागतात. तेवढा तोटा सोसावा लागतो, आणि भाड्याची जागा, दोन कारागिरांचा पगार, उधारीवर आणलेले सामान हे सारे डोक्यावर असताना तो सोसणे सोपे नसते.

अशी नीट केलेली एखादी पद्मिनी पाहावयास मिळाली तर बॉनेट नंतर उघडावे. आधी चालकाच्या बाजूचे दार उघडावे, खाली वाकावे, आणि दाराच्या तळाशी रबराच्या पट्टीआड हात फिरवावा. पत्रा नवा घातला असेल आणि कारागीर त्या जातीचा असेल, तर तेथे बोटांना चार बारीक खळगे लागतात. छिन्नीने ठोकलेले वर्षाचे चार आकडे, रंगाखालून जेमतेम दिसणारे.